तीन वर्षे आणि एक दिवस : फिरस्त्या कारागिरांकडून घेण्याजोगे धडे

दुकान चालते आहे, हाताला काम आहे, मुलगा वडिलांच्या हाताखाली तयार होतो आहे. मग त्याला बाहेर पाठवायचे कशाला? असा प्रश्न आपल्या बाजारपेठांत नेहमी विचारला जातो. पोरगा बाहेर गेला तर वाईट संगतीला लागेल किंवा परतच येणार नाही, अशी वडिलांना धास्ती असते. ही धास्ती अगदीच निराधार नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकाच दुकानात, एकाच उस्तादाजवळ, त्याच त्या गिऱ्हाइकांत वाढलेल्या कारागिराला आपले काम चांगले की सुमार हेच कळत नाही. तुलना करायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. नवे यंत्र आले, शहरातला तयार माल तालुक्याच्या बाजारात उतरू लागला की सर्वांत आधी तोच अडचणीत सापडतो.

या प्रश्नावर युरोपातील कारागिरांनी काही शतकांपूर्वी एक तोड काढली होती. ती चाल आजही पुरती बंद पडलेली नाही. तिचे नियम, त्यामागची कारणे, तिच्यातून घडलेली दोन माणसे आणि आपण तिच्यातून काय घ्यावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ही चाल काय आहे?

जर्मनीत सुतार, गवंडी, छप्पर घालणारे, लोहार अशा धंद्यांतील मुलगा आधी एका उस्तादाजवळ उमेदवारी करतो. परीक्षा पास झाली की तो तयार कारागीर समजला जातो. पण स्वतः उस्ताद होण्यापूर्वी त्याने घर सोडावे, गावोगाव फिरून निरनिराळ्या लोकांकडे काम करावे, अशी जुनी रीत होती. या फिरस्तीला तेथे 'वाल्झ' म्हणतात. कारागिरांच्या पंचायतींना गिल्ड म्हणत. मध्ययुगाच्या अखेरीपासून अनेक गिल्डांनी ही फिरस्ती सक्तीची केली होती. एकोणिसाव्या शतकात कोणालाही कोणताही धंदा करण्याची मोकळीक देणारे कायदे झाले, कारखाने वाढले आणि सक्ती गेली. नाझी राजवटीत फिरस्त्या कारागिरांच्या संघटनांवर बंदी आली. १९८० नंतर मात्र या चालीत पुन्हा जीव आला. आज थोडेच तरुण या वाटेला जातात, पण स्वखुशीने जातात आणि त्यांत मुलीही असतात.

त्यांचे नियम संघटनेगणिक थोडे वेगळे असले तरी मुख्य गोष्टी अशा :

१) फिरस्तीची मुदत बहुधा तीन वर्षे आणि एक दिवस.

२) निघणारा अविवाहित असावा, त्याला मूलबाळ नसावे, डोक्यावर कर्ज नसावे आणि वय साधारणपणे तिशीच्या आत असावे.

३) मुदत संपेपर्यंत घरापासून ५० किलोमीटरच्या आत यायचे नाही.

४) प्रवास पायी किंवा कोणी गाडीत घेतले तर. प्रवासावर आणि मुक्कामावर शक्यतो पैसा खर्च करायचा नाही. मोबाइल फोन जवळ ठेवायचा नाही.

५) एका जागी काही महिनेच काम करायचे. तेथे रुळल्यावर पुढची वाट धरायची.

६) जवळ एक वही ठेवायची. ज्या गावी काम केले त्या गावाचा शिक्का आणि मालकाचा अभिप्राय तिच्यात घ्यायचा.

७) घरून निघताना खिशात पाच युरो, परत येताना तेवढेच. फिरस्ती पैसा साठवण्यासाठी नाही आणि उधळण्यासाठीही नाही, हे यावरून समजावे.

त्यांचा पोशाखही ठरलेला असतो : बहुधा काळे जाड कपडे आणि काळी टोपी. बंडीला आठ गुंड्या आणि कोटाला सहा. दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे सहा दिवस काम, असा त्यांचा अर्थ सांगतात. या पोशाखाचा उपयोग असा की रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी तरुणाला लोक भिकारी किंवा भटक्या समजत नाहीत, तर कामाचा माणूस म्हणून ओळखतात. म्हणूनच पोशाख अंगावर असताना गैर वागणे हा मोठा अपराध मानतात. एकाच्या वागण्याने मागून येणाऱ्या सर्वांची दारे बंद होतात.

नियमांमागचे कारण

वरवर हे नियम लहरी वाटतील, पण प्रत्येकामागे हिशेब आहे. ५० किलोमीटरची मर्यादा नसती तर पहिल्या आजारपणात, पहिल्या भांडणात मुलगा घरी पळून आला असता. काही महिन्यांनी जागा सोडण्याचा नियम नसता तर बरा पगार मिळताच तो तेथेच चिकटला असता. वहीचा नियम नसता तर त्याच्या तीन वर्षांचा पुरावा काय राहिला असता?

मात्र या चालीचे एकतर्फी कौतुक करणेही बरोबर नाही. जुन्या गिल्डांना आपल्या गावात उस्तादांची संख्या वाढू द्यायची नव्हती. तरुण हात बाहेर पाठवून ते स्पर्धा लांबवीत. मंदीच्या काळात कितीतरी कारागीर केवळ काम मिळेना म्हणून वणवण फिरत. तेव्हा फिरण्यामुळे माणूस आपोआप शहाणा होतो, असे कोणी समजू नये. फिरणे शिस्तीत असेल, काम हातात असेल आणि परतण्याची तारीख ठरलेली असेल तरच त्याचे शिक्षण होते.

दोन कारागीर

फ्रान्समध्येही अशीच परंपरा आहे. कारागीर देशभर फेरी मारतात, शहरोशहरी त्यांच्या मुक्कामाची घरे असतात आणि ते घर सांभाळणाऱ्या बाईला सर्वजण 'आई' म्हणतात. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आग्रिकोल पेर्दिगिये (१८०५–१८७५) हा आव्हिन्यों शहराजवळच्या खेड्यातील सुतार १८२४ च्या सुमारास या फेरीवर निघाला. चार वर्षांत त्याने कामाबरोबर आणखी एक गोष्ट पाहिली : वेगवेगळ्या संघटनांचे कारागीर रस्त्यात भेटले की एकमेकांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारीत. सगळे मजूर, सगळे एकाच हालातले, आणि तरी वैर. पॅरिसमध्ये स्थिरावल्यावर त्याने सुतारांना नकाशा काढायला, म्हणजे ड्रॉइंग शिकवायला सुरुवात केली आणि १८३९ मध्ये या संघटनांविषयी पुस्तक लिहून समेटाचा आग्रह धरला. १८४८ मध्ये तो फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेवर निवडून आला. रंधा मारणाऱ्या हाताला लेखणीही धरता येते, हे त्याने दाखविले.

दुसरा ऑगुस्ट बेबेल. जन्म १८४०. लहानपणीच पोरका झाला. कातारी काम शिकला आणि १८५८ मध्ये फिरस्तीवर निघाला. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियातून काम करीत करीत १८६० मध्ये लाइपझिग शहरात पोचला व तेथेच राहिला. तो प्रॉटेस्टंट होता, पण वाटेत कॅथलिक कारागिरांच्या मंडळांत राहिला, कारण तेथे इतर पंथांच्या मुलांनाही दार उघडे होते. पुढे त्याने स्वतःचे कारखानदारीचे दुकान काढले. म्हशीच्या शिंगापासून दाराच्या व खिडक्यांच्या मुठी तो बनवी. धंदा वाढल्यावर भागीदार घेतला आणि स्वतः गावोगाव माल विकायला जाऊ लागला. पायी फिरून मिळालेली माणसांची पारख विक्रीच्या कामी उपयोगी पडणारच. पुढे तो जर्मन कामगारांचा सर्वांत मोठा पुढारी झाला.

आपण काय शिकावे?

*पहिला धडा : कर्ज घेऊन निघू नये.* आपल्याकडील किती तरुण आखातात जाण्यासाठी घर, दागिने गहाण टाकतात, व्याजी पैसा काढतात! असा मुलगा तेथे शिकू शकत नाही. हप्ता फेडायचा असल्याने पहिल्या मालकाकडे, मिळेल त्या अटीवर, त्याला राबावेच लागते. काम वाईट असले तरी सोडता येत नाही. जर्मन कारागिरांची 'कर्ज नसावे' ही अट आपणही लक्षात ठेवावी, कारण कर्जबाजारी माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. परदेशी जायचेच असेल तर सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच जावे. अशा एजंटाच्या सेवाशुल्काला सरकारने ३०,००० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा घातलेली आहे. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी आणि करार समजेल त्या भाषेत वाचून घ्यावा.

*दुसरा धडा : हलके काम हलके नसते.* फिरस्त्या कारागिराला रोज मनासारखे काम मिळत नाही. कधी भिंत पाडावी लागते, कधी माल वाहावा लागतो, कधी दुसऱ्याचे हत्यार धार लावून द्यावे लागते. पण यातूनच धंद्याची सर्व अंगे कळतात. ज्या दर्ज्याने कपड्याच्या दुकानात गठ्ठे उचलले त्याला कापडाचा भाव कळतो. ज्या सुताराने वखारीत चार महिने काढले त्याला लाकूड ओले की मुरलेले हे हात लावताच समजते. ज्या वेल्डरने भंगाराच्या दुकानात काम केले तो लोखंड तोलून पाहतो. मालक होऊ पाहणाऱ्याने या पायऱ्या टाळू नयेत.

*तिसरा धडा : कामाची नोंद ठेवावी.* आपला कारागीर वीस वर्षे काम करतो, पण त्याच्याजवळ एक कागद नसतो. मोठा ठेकेदार किंवा परदेशी कंपनी अनुभव विचारते तेव्हा तो फक्त हात दाखवितो. साधी वही घालावी. तारीख, गाव, काम, मजुरी, मालकाची सही आणि तयार कामाचा फोटो एवढे पुरे. अनुभवावर कसब तपासून प्रमाणपत्र देण्याच्या सरकारी योजना आहेत, त्या वेळी ही वही कामी येते.

*चौथा धडा : मुक्कामाची सोय समाजाने करावी.* आडॉल्फ कोलपिंग नावाचा माणूस आधी चांभारकाम करीत असे. त्याने स्वतः कारागिरांचे हाल पाहिले होते. पुढे तो पाद्री झाला आणि १८४९ मध्ये कोलोन शहरात कारागिरांचे मंडळ काढले. स्वस्त बिछाना, जेवण, वाचायची खोली, संध्याकाळचे वर्ग अशी सोय झाल्याने परगावचा मुलगा दारूच्या गुत्त्यात जायचा वाचला. आपल्याला ही कल्पना नवी नाही. कोकणातील गावांनी मुंबईत आपल्या माणसांसाठी जमातीच्या खोल्या घेतल्या आणि जहाजावर जाणाऱ्या कितीतरी तरुणांनी त्यांत दिवस काढले. प्रश्न एवढाच की त्या खोल्यांत रात्री हिशेब, ड्रॉइंग किंवा इंग्रजी शिकविण्याची सोय आपण केली काय?

*पाचवा धडा : सोबत आणि परतणे.* नवा मुलगा निघतो तेव्हा एक अनुभवी फिरस्ता सुरुवातीचे काही आठवडे त्याच्याबरोबर चालतो. काम कसे मागावे, कोठे झोपावे, कोणाला टाळावे हे शिकवितो आणि मग बाजूला होतो. संगतीची जी भीती वडिलांना वाटते तिच्यावर हाच खरा उपाय आहे. आणि मुदत संपली की घरी यायचे असते, कारण शिकलेले दुसऱ्यांना दिले नाही तर गावाला काय मिळाले?

आपल्या ऐपतीप्रमाणे बेत

तीन वर्षे घर सोडणे आपल्या घरांना परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. घरी म्हातारे आईवडील असतात, बहिणींची लग्ने असतात. पण वर्षातून तीन महिने शक्य आहेत. पावसाळ्यात गवंड्याचे काम थंडावते. लग्नसराई आणि ईद उरकली की दर्ज्याला सवड असते. त्या दिवसांत मुलाला ओळखीच्या पण नात्याबाहेरच्या उस्तादाकडे पाठवावे. नात्यातला माणूस लाड करतो, परका काम करून घेतो. मजुरी किती ते आधी ठरवावे. त्या बदल्यात दुसऱ्या गावचा एखादा मुलगा आपल्या दुकानात ठेवावा. दोन दुकानदारांनी हे ठरविले तर खर्च जवळजवळ काहीच नाही.

मुलगा परतला की त्याला तीन प्रश्न विचारावेत : तेथे आपल्यापेक्षा चांगले काय होते? आपल्याकडचे काय त्यांना जमत नव्हते? आणि आपल्या दुकानात उद्यापासून कोणती एक गोष्ट बदलावी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वडिलांनी ऐकून घेतले पाहिजे. नाही तर पाठविण्याचा खर्च आणि मुलाचा उत्साह दोन्ही वाया जातात.

मालेगाव, भिवंडीच्या मोमीन विणकरांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेकडून आग्रा रोडने चालत इकडे आले. त्यांच्या हातात माग चालविण्याचे कसब होते, दुसरे फारसे काही नव्हते. त्या कसबावर पुढे दोन शहरांची बाजारपेठ उभी राहिली. त्यांना मजबुरीने चालावे लागले. आजच्या मुलाला मजबुरी येण्याआधीच, बेत आखून, तारीख ठरवून आणि वही हातात देऊन पाठविता येईल. येत्या सवडीच्या महिन्यांत आपल्या ओळखीच्या कोणत्या उस्तादाशी बोलायचे, याचा निर्णय दुकानदार बंधूंनी आजच घरात बसून करावा.