हॉलंडची चूल आणि आमची बुट्टी

मी इयत्ता चौथीत शिकतो. या वेळी बाईंनी प्रत्येकाला एक देश दिला आणि तिथली एक गोष्ट शोधायला सांगितली. मला हॉलंड देश आला. त्याचे खरे नाव नेदरलँड्स. महाराष्ट्राचे सात तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढा तो देश आहे. सगळे जण तिथली फुले आणि पवनचक्क्या लिहितात. मी म्हटले, आपण तिथली चूल लिहू. कारण श्रावणात आमची गॅसची टाकी संपली, जळण भिजलेले होते आणि आई फुंकणीने फुंकून फुंकून रडकुंडीला आली होती. तेव्हा मला वाटले, बाकीच्या देशांतल्या आया काय करत असतील?

हॉलंडमध्ये डोंगर नाहीत आणि जंगल फार कमी. मग जळण कुठून आणायचे? तिथे पाणथळ जागा खूप. अशा जागी झाडपाला आणि शेवाळ हजारो वर्षे पाण्याखाली साचून त्याची काळी माती होते. तिला पीट म्हणतात. लोक ती माती काढायचे, तिच्या विटा पाडायचे, वाळवायचे आणि होडीतून शहरात न्यायचे. म्हणजे आपल्या शेणीच की! फक्त शेणाऐवजी माती. सतराव्या शतकात तिथल्या बहुतेक चुली यावरच पेटायच्या. पण माती काढून काढून मोठमोठे खड्डे पडले आणि त्यात पाणी भरले. फिंकेवेन आणि लोसद्रेख्त इथली तळी अशीच झाली आहेत. आता तिथे लोक होड्या फिरवतात. आज्जी म्हणाली, "म्हंजी त्यांनी भुईच जाळून खाल्ली म्हण की."

पुढे दगडी कोळसा आला. तो देशाच्या दक्षिणेला लिंबुर्ग भागात निघायचा. कोळशापासून गॅस काढून नळाने घरोघर देऊ लागले. पहिल्यांदा तो दिव्यांसाठी होता, मग त्यावर स्वयंपाक सुरू झाला. गरिबांच्या घरी नाणे टाकायचे मीटर असत. नाणे टाकले की गॅस यायचा, नाणे संपले की शेगडी विझायची. रॉकेलचे स्टोव्हही होते. त्यावर मटण तासन् तास मंद शिजत ठेवत.

आता सर्वांत वाईट हिवाळा सांगतो. १९४४ साली दुसरे महायुद्ध चालू होते आणि हॉलंडमध्ये जर्मन सैन्य होते. लिंबुर्गचा दक्षिण भाग सप्टेंबरमध्ये मोकळा झाला, पण पश्चिमेकडची शहरे शत्रूच्या हातातच राहिली. त्यामुळे खाणीतला कोळसा तिकडे पोचेना. ऑक्टोबरमध्ये ॲमस्टरडॅममध्ये गॅस बंद झाला. खायला नाही आणि असेल ते शिजवायलाही काही नाही. लोकांनी रस्त्यावरची झाडे तोडली, ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपटले, रिकाम्या घरांचे जिने नि दारे काढून जाळली. ट्यूलिप फुलांचे कांदे उकडून खाल्ले. त्या हिवाळ्यात सुमारे २०,००० माणसे भुकेने व थंडीने मेली. हे वाचून मी आईला सांगितले, तर ती चुलीजवळ बसली होती, काहीच बोलली नाही.

त्या काळात तिथे एक युक्ती खूप वापरत. पातेल्याला उकळी आली की ते झाकून गवत भरलेल्या पेटीत ठेवायचे. गवतात हवा कोंडलेली असते, ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अन्न आपोआप शिजत राहते. यावर मी पुढे लिहितो.

१९५९ साली उत्तरेला स्लोख्तेरन गावाजवळ एका शेतात खोल भोक पाडले तेव्हा जमिनीखाली गॅस सापडला. तो साठा युरोपातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी निघाला. मग काय, सगळ्या देशात पाइप टाकले. हा गॅस जुन्या गॅसपेक्षा जवळजवळ दुप्पट उष्णता देई, म्हणून घरोघरच्या शेगड्या बदलाव्या लागल्या. १९६८ पर्यंत हे काम बहुतेक झाले. १९७४ ला शेवटची कोळशाची खाण बंद पडली. फ्रिजही त्याच वर्षांत घरोघर आले.

बाईंनी फळ्यावर एक गणित दाखवले. तिथले साधारण घर स्वयंपाकाला वर्षभरात ४० घनमीटरपेक्षा कमी गॅस वापरते. म्हणजे आपल्या १४.२ किलोच्या जेमतेम दोन टाक्या! आमची टाकी दोन महिनेसुद्धा पुरत नाही. मी म्हटले, हे लोक जेवतात का नाही? तर घरात माणसे दोन-तीनच, आणि सकाळी-दुपारी ते पाव नि चीज खातात. गरम जेवण दिवसातून एकदाच. पाव बेकरीत भाजतात, टोमॅटो काचेच्या घरात गॅसने ऊब देऊन पिकवतात. तो खर्च घरच्या मीटरवर दिसतच नाही. शिवाय घरातला बराचसा गॅस घर गरम ठेवायलाच लागतो.

पण गॅस काढून काढून तिथली जमीन खचली आणि भूकंप होऊ लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हुइझिंगे गावाला ३.६ चा धक्का बसला. हजारो घरांना भेगा गेल्या. आज्जीने ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिला आहे, तेव्हा ती आठ वर्षांची होती. ती म्हणाली, "३.६ म्हंजी ल्हानच की." पण भिंत हलते तेव्हा कसे वाटते ते तिला ठाऊक आहे. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथून गॅस काढणे थांबले. नवीन घरांना तर १ जुलै २०१८ पासूनच गॅसची जोडणी सहसा देत नाहीत. आता तिथे विजेच्या इंडक्शन शेगड्या येत आहेत. त्यावर लोखंडाच्या जातीचे भांडे लागते. आमचे ॲल्युमिनियमचे पातेले चालणार नाही.

आता माझा प्रयोग. मी बुट्टीत भाताचे पिंजर दाबून भरले. आईने मूगडाळीची खिचडी दहा मिनिटे उकळून दिली. पातेले पिंजरात ठेवून वर आज्जीची वाकळ टाकली. पहिल्या दिवशी खिचडी कच्ची राहिली. कारण मी शिजली का बघायला तीनदा झाकण काढले. आई रागावली, "आता ह्ये म्हशीला घालू व्हय?" (म्हशीने खाल्ली.) दुसऱ्या दिवशी मी दोन तास बुट्टीकडे फिरकलोच नाही. खिचडी मऊ शिजली होती आणि वाफ येत होती. एरवी सात लाकडे लागतात, त्या दिवशी तीन लागली. उरलेली चार आईने माळ्यावर वाळत टाकली.

आज ती बुट्टी शाळेत आणली आहे. बाईंच्या टेबलाजवळ आहे. खिचडी दहा वाजता ठेवली आहे, म्हणून बारापर्यंत वाकळ कोणी उचलू नये.