दोघांची राहुटी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १८:१-३, १८-२६, रोमकरांस पत्र १६:३-५, इब्री लोकांस पत्र ११:८-१०

विवाहविधीच्या वेळी वधूवर एकमेकांस वचने देतात, तेव्हा मंदिर माणसांनी भरलेले असते. त्या वचनांची परीक्षा मात्र पुष्कळ वर्षांनी, घर रिकामे झाल्यावर होते. मुले शिकतात, नोकरीनिमित्त दूर जातात. सेवानिवृत्तीचा समारंभ होतो, शाल व नारळ हाती येतो. आणि एके सकाळी पती व पत्नी चहाचे दोन पेले समोर ठेवून बसतात, तेव्हा ध्यानात येते की आपणांस बोलावयास विषयच उरलेला नाही. चाळीस वर्षे मुलांविषयी, पगाराविषयी, आजारपणाविषयी बोलणे झाले. एकमेकांविषयी बोलावयाचे राहूनच गेले.

अलीकडे अशी काही दांपत्ये चाकांवरचे घर घेऊन प्रवासास निघू लागली आहेत. ‘कॅम्परव्हॅन’ किंवा ‘कॅराव्हॅन’ या नावाने ही गाडी ओळखली जाते. एका मोटारगाडीतच घडीचा पलंग, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी आणि एखादे कपाट असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. ही गाडी विकत किंवा भाड्याने घेणे आपल्यापैकी बहुतेकांस परवडणारे नाही, आणि ती घ्यावी असे सांगण्याचाही येथे हेतू नाही. परंतु आजच्या अभ्यासापुरते आपण असे समजू या की तुम्ही उभयता अशा एका गाडीतून निघाला आहात. वाट दूरची आहे, तरी मराठी माणसास अगदीच परकी नाही. आपण तंजावरहून निघून कावेरीच्या मुखाकडील समुद्रकिनाऱ्याने तरंगमबाडीपर्यंत जाणार आहोत. सोबतीस आणखी एक दांपत्य आहे : राहुट्या शिवून पोट भरणारे अक्विल्ला व प्रिस्किल्ला.

१. सामान किती घ्यावे?

तंजावर हे नाव घेताच मराठी मनात आपुलकी जागी होते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांचे राज्य स्थापिले, आणि ते घराणे १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या भव्य देवालयाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही वाचता येतो. याच घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १८२० साली काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा होता. ती यात्रा १८२२ मध्ये संपली. राजाने प्रवास करावयाचा तर अर्धी राजधानीच उचलून न्यावी लागे.

तुमच्या गाडीत मात्र एकच कपाट आहे. म्हणून निघण्यापूर्वी निवड करावी लागते. चार भांडी, चार कपडे, औषधांची पिशवी, पवित्र शास्त्र, गीतांचे पुस्तक. एवढे ठेवल्यावर जागा भरते. घरातील माळ्यावर वर्षानुवर्षे जपलेल्या वस्तूंपैकी एकीचीही आठवण वाटेत होत नाही, हा अनुभव नम्र करणारा असतो.

परंतु कपाटात न मावणारे, तरीही गाडीत चढणारे दुसरे सामान असते. सासरच्या माणसांनी तीस वर्षांपूर्वी काढलेला एखादा शब्द, बहिणीच्या लग्नात न विचारता दिलेले पैसे, बाळंतपणात जवळ नसणे, या गोष्टींची नोंद कोणत्याही यादीत नसते; पण गाडीचे दार लावताच त्या आत बसलेल्या दिसतात. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याकडे पाहा. क्लौद्य कैसराने यहूद्यांस रोम सोडण्याची आज्ञा केली, इ. स. ४९ च्या सुमाराची ही गोष्ट. त्यांचे घर, ग्राहक व शेजार एका हुकुमाने गेले. करिंथात पौल त्यांस भेटला, तेव्हा त्यांच्या हाती त्यांचा धंदा होता आणि ते एकमेकांबरोबर होते. गेलेल्या रोमविषयी त्यांनी तक्रार केल्याची एकही नोंद शास्त्रात नाही. लगेच त्यांच्या घरात पौलास जागा मिळाली, ती कदाचित यामुळेच की त्यांनी जुने दुःख सर्व जागा व्यापू दिले नव्हते.

२. दुसरी खोली नाही

तंजावरहून पट्टुकोट्टैमार्गे सुमारे पासष्ट किलोमीटर गेल्यावर समुद्र लागतो. तेथे मल्लिपट्टिणमजवळ सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये बांधलेला आठ मजली, षट्कोनी बुरूज आहे. नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून तो उभारला गेला. त्याचे नाव ‘मनोरा’. तमिळ देशाच्या किनाऱ्यावर हा ओळखीचा शब्द ऐकून मराठी प्रवाशाचे पाऊल क्षणभर थबकते.

येथील किनारा आपल्या कोकणासारखा नाही. डोंगर समुद्रात उतरत नाहीत. भाताची सपाट शेते, ताडाची झाडे, मग रेती आणि मग पाणी, असा हा प्रदेश आहे. मुत्तुपेट्टैजवळ खारफुटीचे दाट वन आहे, आणि वेदारण्यम येथे मिठागरांची पांढरी चौकडी दूरवर पसरलेली दिसते. १९३० साली राजगोपालाचारी तिरुचिरापल्लीहून सत्याग्रहींसह पायी चालत मीठ उचलण्यास येथेच आले होते.

आणखी एक भेद आहे. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. येथे तो समुद्रातून वर येतो आणि मावळतो मात्र पाठीमागे, शेतांच्या बाजूस. त्यामुळे किनाऱ्यावर बसलेल्या माणसास सूर्यास्त पाहावयाचा तर समुद्राकडे पाठ करावी लागते. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल सांगतो की राग मनात असता सूर्य मावळू देऊ नये (४:२६). या किनाऱ्यावर ते वचन पाळावयाचे तर मान वळवावी लागते, हे किती अर्थपूर्ण आहे!

कारण गाडीत राग येणारच. कोणी वळण चुकले, कोणी पाण्याची टाकी भरून घेण्यास विसरले, एवढेही कारण पुरते. घरी असे झाले की पती वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जातो, पत्नी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढविते, आणि रात्रीपर्यंत प्रकरण आपोआप थंड होते. थंड होते, पण मिटत नाही. चाकांवरच्या घरात दुसरी खोली नसते. दोन हातांवर बसलेल्या माणसाशी एकतर बोलावे लागते, नाहीतर त्याचा श्वास ऐकत बसावे लागते.

नव्या करारात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचा उल्लेख सहा ठिकाणी आहे, आणि सहाही ठिकाणी दोघांची नावे एकत्र आहेत. काही ठिकाणी पतीचे नाव आधी येते, काही ठिकाणी पत्नीचे. राहुटी शिवताना कापडाची दोन टोके दोघांनी धरावी लागतात. एकाने हिसका दिला तर शिवण वाकडी जाते. त्यांचा मतभेद कधी झालाच नसेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु करिंथ, इफिस आणि पुन्हा रोम अशी स्थलांतरे होऊनही ती दोन नावे तुटली नाहीत.

३. दाराला कडी लावू नये

वेदारण्यमहून उत्तरेस गेल्यावर वेलांकण्णी येते. मातेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या येथील मंदिरास १९६२ साली बासिलिकेचा दर्जा मिळाला. दरवर्षी २९ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत यात्रा भरते, आणि मुंबई-वसईकडील भाविकही मोठ्या संख्येने येतात. याच किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्सुनामीच्या लाटा आल्या. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कोळी कुटुंबे होती, आणि वेलांकण्णीस आलेले यात्रेकरूही होते.

वाचकहो, देखावा पाहावयास आलेल्या माणसाने येथे क्षणभर गाडी थांबवावी. ज्या समुद्राची आपण स्तुती करतो, त्याच्याच काठी कोणी आपले लेकरू शोधीत फिरले आहे. त्या दिवसांत ज्यांचे घर उरले होते त्यांच्या दारापुढे प्रश्न उभा राहिला, की दार उघडावे की नाही. पुष्कळांनी उघडले. प्रार्थनामंदिरे, शाळा, मंगल कार्यालये यांतून बेघरांस आसरा मिळाला.

अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचे मोठेपण नेमके येथे आहे. त्यांच्या घराचा पत्ता बदलत राहिला, पण त्या घराचे दार कधी लागले नाही. करिंथात पौल त्यांच्याकडे राहिला. इफिसात वक्तृत्वसंपन्न परंतु अपुऱ्या ज्ञानाचा अपुल्लोस भेटला, तेव्हा त्यांनी त्याची सभेत फजिती केली नाही. त्यास आपल्याकडे घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. इफिसात व रोमात त्यांच्या घरी मंडळी जमत असे. दोघांनी एकमेकांस जपावे हे योग्यच. परंतु जी जोडपी केवळ एकमेकांकडेच पाहत बसतात, त्यांचे प्रेमही काही काळाने कोंदट होते. गाडीच्या शेगडीवरील चहाचा तिसरा पेला कोणासाठी ठेवावयाचा, हे उभयतांनी मिळून ठरवावे.

४. शेवटचा टप्पा

नागपट्टिणम आणि कारैकल मागे टाकून आपण तरंगमबाडीस, म्हणजे जुन्या त्रांकेबारास, येऊन पोहोचतो. डॅनिश लोकांनी १६२० साली बांधावयास घेतलेला किल्ला येथे समुद्राकडे तोंड करून उभा आहे. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्युट्शाऊ हे दोन तरुण मिशनरी या किनाऱ्यावर उतरले. झिगेनबाल्ग तमिळ शिकला, त्या भाषेत त्याने नव्या कराराचे भाषांतर केले, आणि १७१५ पर्यंत ते येथेच छापून झाले. पुढे तो युरोपास गेला, तेथे मारिया डोरोथेआ हिच्याशी त्याचा विवाह झाला, आणि १७१६ साली हे नवविवाहित दांपत्य समुद्रमार्गे याच गावी आले. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी तो मरण पावला, तेव्हा त्याचे वय अवघे छत्तीस होते. १७१८ साली पूर्ण झालेल्या ‘नव्या यरुशलेमे’च्या मंदिरात त्याची कबर आहे. उभयतांस या किनाऱ्यावर तीन वर्षेही मिळाली नाहीत.

येथे गाडीतील सर्वांत अवघड प्रश्न पुढे येतो, जो घरी कोणी उच्चारीत नाही. आपणांपैकी एकास शेवटचा टप्पा एकट्याने करावा लागणार आहे. बँकेचे कागद कोठे आहेत, हे एकासच ठाऊक असते. रात्री एकटे राहण्याचे भय वाटते, हे दुसऱ्याने कधी सांगितलेले नसते. “असले अभद्र बोलू नये,” असे म्हणून आपण विषय टाळतो, आणि या टाळण्यासच प्रेम समजतो.

अब्राहाम व सारा यांची आयुष्ये राहुट्यांत गेली. वचनदत्त देशातही अब्राहाम परक्यासारखा राहिला, कारण पाया असलेल्या नगराची तो वाट पाहत होता, असे इब्री लोकांस पत्र सांगते. सारा मरण पावली, तेव्हा तो तिच्यासाठी रडला, आणि मग चारशे शेकेल रुपे मोजून त्याने मकपेला येथील शेत व गुहा विकत घेतली (उत्पत्ती २३). राहुटीत राहणाऱ्या त्या माणसाने आपल्या पत्नीस मूठमाती देण्यासाठी ही जमीन घेतली. तिची किंमत करताना त्याने घासाघीस केली नाही.

ज्यांचा जोडीदार आधीच पुढे गेला आहे, किंवा ज्यांचा विवाह झालाच नाही, त्यांनी हा लेख आपला नव्हे असे समजू नये. क्रिस्टियन फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० साली याच तरंगमबाडीस आला आणि १७७८ पासून तंजावरास राहिला. तो आजन्म अविवाहित होता. तुळजाराजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी यास त्याच्या हाती सोपविले, आणि श्वार्ट्झने त्या मुलाचे पित्याप्रमाणे रक्षण केले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत. तरी त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील वृद्ध धर्मगुरू आणि त्याच्या भेटीस आलेला तरुण राजा असे ते शिल्प तंजावरच्या मंदिरात आहे. प्रभूच्या वाटेवर चालणारा एकटा माणूसही सोबतीवाचून राहत नाही.

प्रिय वाचकहो, पहाटे तरंगमबाडीच्या वाळूवर उभे राहिले असता प्रथम समुद्राची कड उजळते आणि मग सूर्य वर येतो. रात्रभर ज्या दिशेस केवळ अंधार व लाटांचा आवाज होता, तिकडूनच तो येतो. पुनरुत्थित प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्या पतिपत्नींनी हे एकमेकांचा हात धरून पाहावे. आणि इतक्या दूर जाणे शक्य नसेल, तर आपल्या गावच्या एस. टी.ने एका दिवसाच्या प्रवासास निघावे, एकच पिशवी घ्यावी, आणि परत येईपर्यंत खालील प्रश्नांपैकी निदान एकाचे उत्तर एकमेकांस द्यावे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या संसारात कोणते जुने सामान आपण अजून वाहत आहोत? ते उतरविण्यास कोणी आधी हात लावावा?

२. कोणत्या वादाकडे आपण पाठ केली आहे? सूर्य मावळण्यापूर्वी मान वळवाल काय?

३. गेल्या वर्षभरात आपल्या दारातून कोण परका आत आला?

४. “माझ्यामागे तुम्ही कसे राहाल?” हा प्रश्न आपण एकमेकांस कधी विचारला आहे काय?

प्रार्थना : हे प्रभू, आमची राहुटी लहान आहे व वाट थोडी उरली आहे. आम्हां दोघांस एकमेकांशी खरे बोलावयास शिकव. आमचे दार उघडे ठेव. आणि आमच्यापैकी जो मागे राहील त्याच्याबरोबर तू चाल. आमेन.