जुना टीव्ही गेम, नवा मॉनिटर

प्रश्न : नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला टीव्ही गेम माळ्यावर सापडला. जुना टीव्ही कधीच भंगारात गेला. कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडता येईल का?
– एक वाचक, मढ

उत्तर : येईल, पण आधी तो लगेच चालू करू नका. मढच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या पिना हिरव्या पडतात. कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. अ‍ॅडॉप्टरचे व्होल्टेज आणि प्लस-मायनस गेमवरच्या खुणेशी जुळवून घ्या.

आपल्याकडचे असे बहुतेक गेम निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांचा सिग्नल सेकंदाला सुमारे १५,६०० रेषांचा. व्हीजीए मॉनिटरला साधारण ३१,००० तरी लागतात. त्यामुळे एव्ही पिना आणि व्हीजीए प्लग असलेली स्वस्त केबल म्हणजे पैसे पाण्यात. वीज घेणारा कन्व्हर्टरच हवा. एचडीएमआय मॉनिटर असेल तर डबीवर ‘एव्ही टू एचडीएमआय’ हेच शब्द वाचून घ्या. उलट दिशेची डबी हुबेहूब तशीच दिसते. मॉनिटरला स्पीकर नसेल तर आवाजाची पिन वेगळ्या स्पीकरला द्या.

गेमला फक्त अँटेनाची पिन असेल तर खरे काम आत आहे. पत्र्याच्या छोट्या डबीत मॉड्युलेटर असतो. त्याच्या आधीच व्हिडिओ सिग्नल उचलायचा आणि एका ट्रान्झिस्टरच्या बफरमधून बाहेर काढायचा. जुन्या टीव्हीच्या कारागिराकडून हे जरूर करून घ्या; मूळ बोर्ड जपण्यासारखा आहे.

बदकांवर नेम धरायची बंदूक मात्र मॉनिटरवर चालणार नाही. तिला पिक्चर ट्यूबचाच प्रकाश लागतो.