‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

सुट्टीत घरी गेलं की इंजिनीअरिंगच्या पोराकडे एक काम हमखास येतं. “इंजिनेर होऊन राहिला ना तू, मग पाय ना नेट काहून चालून नाही राहिलं!” आपण राउटर बंद करून चालू करतो. चाललं तर श्रेय राउटरचं, नाही चाललं तर नाव कॉलेजचं!

मागच्या उन्हाळ्यात खापरखेड्याला आमच्या घरी हाच प्रश्न होता, पण गमतीचा नव्हता. धाकट्या बहिणीचे ‘नीट’चे सराव पेपर दुपारी दोनपासून ऑनलाइन असायचे आणि नेमकं त्याच वेळी नेट जायचं. पेपर अर्ध्यावर अडकायचा, ती रडकुंडीला यायची. कंपनीकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा माणूस सकाळी नऊला आला, सगळं व्यवस्थित चालताना पाहिलं आणि तक्रार बंद करून गेला. त्याचंही खोटं नव्हतं, सकाळी नेट खरंच चालायचं.

‘नेट जातं’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. मोबाइलपासून वेबसाइटपर्यंतच्या वाटेचे मी चार तुकडे पाडले: वाय-फाय, राउटरची वीज, घरात येणारं फायबर आणि कंपनीचं पुढचं नेटवर्क. एका वेळी एकच तुकडा तपासायचा, हा नियम.

१) वाय-फाय : लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला. मग दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला (आमच्याकडे १९२.१६८.१.१) आणि दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला सतत ‘पिंग’ लावलं. पिंग म्हणजे हाक मारून ‘ओ’ येते का ते पाहणं. माइक मूस याने १९८३ मध्ये हा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारवरून नाव ठेवलं. आमच्याकडे नेट गेलं तेव्हा राउटर ‘ओ’ देत होता, बाहेरचा पत्ता गप्प. म्हणजे वाय-फाय निर्दोष. राउटरच गप्प झाला असता, तर घरातच शोधायचं होतं.

२) वीज : नेट जायचं ते कूलर सुरू असताना, हे दोन दिवसांत लक्षात आलं. पहिला संशय साहजिकच व्होल्टेजवर. शेजारी १३४० मेगावॅटचं केंद्र असलं तरी घरातल्या ढिल्या सॉकेटला त्याचा काय उपयोग? पण वीज दचकली तर राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा लागतात. इथे पॉवरचा दिवा स्थिर होता, फक्त ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत होता. एलओएस म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाशच पोचत नाही.

३) फायबर : राउटरच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. सकाळी उणे २६ डीबीएम, कूलर सुरू केला की उणे २९. तीन डीबी घटले म्हणजे प्रकाश निम्मा झाला! घरगुती जोडण्यांत साधारण उणे २७ च्या खाली गेलं की जोडणी टिकत नाही. म्हणजे सकाळीही आपण काठावरच होतो.

कारण खिडकीत सापडलं. एप्रिलमध्ये कूलर बसवला तेव्हा फायबरची तार त्याच्या चौकटीखाली दबून काटकोनात वळली होती. काचेच्या तंतूतला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. वळण फार तीव्र झालं की तो बाहेर गळतो. त्यात कूलरची थरथर! म्हणून उन्हाळा, म्हणून दुपार.

४) पुढचं नेटवर्क : हा तुकडा तपासायची वेळच आली नाही. पण फायबर ठीक असून बाहेरचे पत्ते गप्प असतील, तर ‘ट्रेसर्ट’ने कुठे अडतं ते कळतं. ८.८.८.८ ‘ओ’ देतो पण वेबसाइट उघडत नाही, तर बहुधा डीएनएस.

चौथ्या तक्रारीत मी ‘नेट जातं’ असं लिहिलं नाही. तारीख, वेळ, दिव्याची स्थिती, दोन्ही आकडे लिहिले आणि “दुपारी दोननंतरच या” असं कळवलं. माणूस आला, कूलर लावून आकडा पाहिला आणि “भाऊ, हे आधी काहून नाही सांगितलं?” म्हणाला. दुसऱ्या भोकातून तार घेऊन नवं कनेक्टर बसवलं. आकडा उणे २०. त्या दिवशीचा पेपर बहिणीने पूर्ण सोडवला.

एक सूचना : फायबरचं टोक स्वतः उघडू नका, त्यात डोकावू तर मुळीच नका. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

हॉस्टेलच्या तक्रार वहीत ‘नेट स्लो आहे’ लिहिणाऱ्यांनो, पुढच्या वेळी एवढंच करा : केबल लावून पाहा, दिवे पाहा, वेळ लिहा. ज्याला दोष दाखवता येतो, त्याचीच तक्रार लवकर सुटते.