जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण बहुधा देवळांच्या संबंधात ऐकतो. ढासळलेली भिंत पुन्हा उभी करावयाची, गळके छप्पर शाकारावयाचे, परंतु मूर्ती व गाभारा यांस धक्का लावावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. सगळे पाडून नवे बांधणे हा जीर्णोद्धार नव्हे. हीच गोष्ट यंत्रासही लागू आहे. एका जुन्या मोटारसायकलीवर काम करीत असता ती मला कशी कळली, आणि कळण्यास थोडा उशीर कसा झाला, ते या लेखात सांगावयाचे आहे. वर्गात आपण गंज, विद्युत्‌विलेपन, मिश्रधातू हे विषय शिकतो; ते सारे या एका कामात भेटतात.

आमच्या बेळगावच्या घराच्या मागील पडवीत 1966 सालची एक जावा मोटारसायकल 1991 पासून गोणपाटाखाली उभी होती. वडील ओव्हरसियर होते. खानापूर, नंदगड, जांबोटी या भागांतील रस्त्यांच्या कामांवर ते तिच्यावरूनच जात. 2016 साली ते वारले. पडवी मोकळी करावी म्हणून धाकट्या बंधूंनी भंगारवाल्यास बोलावणे धाडले होते. मी एका वर्षाची मुदत मागून घेतली. आई एवढेच म्हणाली, “कर बाबा. पण मला ओळखू येईल अशी ठेव.”

यंत्राची ओळख

कोणत्याही दुरुस्तीपूर्वी वस्तूचे कूळ जाणून घ्यावे. प्राग शहरातील फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचा परवाना घेतला. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव झाले. आपल्या देशात म्हैसूर येथे 1960 साली आयडियल जावा कंपनी उभी राहिली व 1961 पासून तेथे गाड्या बनू लागल्या. पुढे 1973 पासून त्या येझदी या नावाने निघू लागल्या, आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. म्हणजे ज्या कारखान्यात आमची गाडी जन्मली तो आज नाही. तिचा प्रत्येक मूळ भाग जपण्यास हे एक कारण पुरेसे आहे.

हे यंत्र ‘टू स्ट्रोक’ जातीचे. पिस्टनच्या एका वरच्या व एका खालच्या अशा दोन फेऱ्यांतच इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे पुरी होतात. सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा 75 मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हांस ठाऊक आहे : 3.14 × 3.25 × 3.25 × 7.5 हा गुणाकार करून पाहा. उत्तर सुमारे 249 घन सेंटिमीटर येईल, आणि लोक हिला ‘अडीचशे सी.सी.ची जावा’ का म्हणत ते कळेल. सिलिंडर एकच असून धुराच्या नळ्या मात्र दोन. आणि गिअर बदलण्याचा दांडाच आत दाबून वर फिरविला की किक मारण्यास उपयोगी पडतो, ही हिची खास लक्षणे.

खोलण्यापूर्वी

पाना हाती घेण्याआधी वही घ्यावी. गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. कोणती तार कोठून गेली आहे, कोणत्या बोल्टाखाली किती चकत्या आहेत, ते लिहून ठेवावे. मी बिस्किटांचे रिकामे डबे जमवून प्रत्येकावर चिठ्ठी चिकटविली. आज सोपी वाटणारी जोडणी सहा महिन्यांनी कोडे होऊन बसते.

पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकला होता. अशा वेळी किकवर बळजबरी करू नये. स्पार्क प्लगच्या भोकातून रॉकेल व तेल यांचे मिश्रण ओतून मी आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी यंत्र हळूच हलले. सिलिंडर उद्यमबागेतील एका लेथवर पुढच्या मापाला बोअर करून घेतला व त्या मापाचा पिस्टन बसविला. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सीले मात्र न बघता बदलावीत. टू स्ट्रोक यंत्रात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत दाबले जाते. सील कडक होऊन चिरले असले तर तेथून बाहेरची हवा आत शिरते आणि यंत्र नीट चालत नाही.

गंज

लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने गंज होतो. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाचे पापुद्रे फुगून वर येतात. वायर ब्रशाने वरचा गंज जातो; खाचांतला जात नाही. त्यासाठी प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन दर लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास व भंगार लोखंडाची पट्टी धन टोकास जोडून, एकमेकांस न चिकटतील अशा बेताने दोन्ही पाण्यात ठेवावीत. काही तासांत गंज काळा व सैल होऊन ब्रशाने निघतो, आणि खालचे चांगले लोखंड खाल्ले जात नाही.

यात तीन पथ्ये आहेत. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर आणि वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे. धन टोकास स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचा भाग या पाण्यात घालू नये, कारण अल्कात तो झिजतो.

चेसिसच्या ज्या कोपऱ्यांत ब्रश पोचत नाही तेथे टॅनिन कामी येते. टॅनिन गंजाशी संयोग पावून निळसर काळा, स्थिर थर तयार करते. खानापूरच्या रानातला हिरडा टॅनिनने भरलेला असतो. हिरडा आणि लोखंडाचा क्षार यांपासून पूर्वी शाई करीत, तिचा काळेपणा याच क्रियेचा. ज्या रसायनाने वडिलांच्या पिढीआधीचे दप्तर लिहिले गेले, त्यानेच त्यांच्या गाडीचा गंज थोपविला, याची मला मौज वाटली.

पेट्रोलच्या टाकीविषयी एक इशारा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ व हवा मिसळलेली असते. ती पूर्णपणे धुऊन वाफ घालविल्याशिवाय तिला वेल्डिंगची ज्योत दाखवू नये.

ॲल्युमिनियमची झिलई

यंत्राची बाजूची झाकणे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहेत. त्यांना 240 क्रमांकाच्या पॉलिश कागदापासून आरंभ करून 400, 600, 1000 असे चढत जावे. प्रत्येक कागद आधीच्या कागदास आडवा चालवावा. आधीचे सर्व ओरखडे पुसले गेले की पुढचा क्रमांक घ्यावा. शेवटी कापडी चाकावर बफिंग केले की आरशासारखी चमक येते. मात्र ज्या जागी यंत्राचा क्रमांक ठोकलेला आहे तेथे कागद लावू नये. तो क्रमांक व चेसिसचा क्रमांक हेच गाडीचे जन्मपत्र. ते पुसट झाल्यास कागदोपत्री गाडी आपली आहे हे सिद्ध करणे कठीण होते.

मुलामा आणि माझी चूक

क्रोमचा मुलामा म्हणजे जाड चकाकता थर, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः शोभेच्या मुलाम्यात क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्याच्याखाली निकेल असते, आणि चांगल्या कामात निकेलखाली तांबे. गंजापासून रक्षण मुख्यतः निकेल करते. क्रोम त्याला निस्तेज होऊ देत नाही.

फॅरडेच्या नियमाने हिशेब करू. 10 अँपिअर प्रवाह एक तास चालला तर सिद्धांताप्रमाणे सुमारे 11 ग्रॅम निकेल बसते. ते 1000 चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर सारखे पसरले तर थर सुमारे 12 मायक्रॉन होतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा एक अंश. इतका पातळ थर खालचे काहीही झाकू शकत नाही. खालचा प्रत्येक ओरखडा मुलाम्यातून अधिकच उठून दिसतो. म्हणून मुलाम्याचे खरे काम टाकीत बुडविण्यापूर्वी, घासण्याच्या चाकावर होते. क्रोमची द्रावणे अत्यंत विषारी असतात. हा प्रयोग घरी कोणी करू नये.

आमच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीच्या दोन्ही कुशींवर क्रोम होते, आणि डाव्या कुशीवर वाटीएवढा एक खड्डा होता. रंगाच्या भागावरचा खड्डा लांबी भरून बुजविता येतो. पण लांबीतून वीज वाहत नाही, तेव्हा तिच्यावर मुलामा बसत नाही. क्रोम करावयाचे तर पत्रा आतून ठोकून सपाट करणे हाच मार्ग. मुलामा देणाऱ्या कारागिराने मला विचारले, “खड्डा काढायचा ना?” मी क्षणाचाही विचार न करता होय म्हणालो. पंधरा दिवसांनी टाकी आली ती नव्यासारखी. मी ती कौतुकाने आईपुढे ठेवली. तिने डाव्या कुशीवरून हात फिरविला आणि विचारले, “इथला खड्डा कुठं गेला रे?”

मग तिने सांगितले, “नंदगडच्या वळणावर पावसात गाडी घसरली होती. ह्यांनी सगळा भार आपल्या पायावर घेतला, टाकी दगडावर आपटली. तू पोटात होतास तेव्हा. मला काही लागलं नाही.” इतके बोलून ती आत गेली. ती रागावली नव्हती; त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले. वडील नेहमी डावा पाय जपून टाकीत, त्याचे कारण मला त्या दिवशी कळले. गंज काढला तर लोखंड उरते. खड्डा काढला तर तो परत आणता येत नाही.

रंग

त्यानंतर मी एक नियम केला : जे परत करता येणार नाही ते विचारल्यावाचून करावयाचे नाही. रंगाचे काम या नियमाने झाले. उन्हापावसाने गाडीचा किरमिजी रंग विटला होता. परंतु सीट काढल्यावर तिच्याखाली मूळ रंगाचा एक पट्टा जसाच्या तसा सापडला. त्याच्याशी ताडून नवा रंग मिळविला. स्वच्छ पत्र्यावर प्रथम प्रायमर, आवश्यक तेथेच पातळ लांबी, मग पाण्यात भिजवून वॉटर पेपरने घासणे, आणि त्यावर रंगाचे पातळ हात, असा क्रम ठेवावा. एक जाड हात दिला की रंग ओघळतो. आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात रंग मारू नये. हवेतील ओल ओल्या रंगावर बसून त्याला पांढुरकी झाक येते. मी दिवाळीपर्यंत थांबलो. टाकीवरची बारीक रेघ दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या एका वृद्ध पेंटरने लांब केसांच्या कुंचल्याने ओढली. ती अगदी सारख्या जाडीची नाही. पण हाताने ओढलेली रेघ तशीच असावयाची.

उजव्या बाजूच्या हत्यारपेटीचे झाकण मात्र मी रंगविले नाही. वडिलांच्या किल्ल्यांच्या जुडग्याने त्यावर कमानीसारखे ओरखडे पडले आहेत. ते झाकण कोमट पाण्याने पुसले, मेणाचा एक हात दिला आणि तसेच बसविले.

पुढे 2021 साली केंद्र सरकारने नियम केला, त्यानुसार पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. ‘मूळ स्वरूप’ हा शब्द कायद्यातही आला, हे वाचून बरे वाटले.

1 भाग तेल व 25 भाग पेट्रोल असे मिश्रण घालून 2018 च्या जानेवारीत आम्ही किक मारली. सहाव्या किकेला यंत्र सुरू झाले. आई स्वयंपाकघरात होती, बाहेर न येताच ती म्हणाली, “आले वाटतं.” नंतर तिचे तिलाच हसू आले.

आजही गाडी पाहणारे विचारतात, “सगळी इतकी चकचकीत, मग हे एकच झाकण असे का ठेवले?” विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीही एखादे शिवणयंत्र, एखादा रेडिओ, एखादी सायकल माळ्यावर पडून असेल. ती जरूर दुरुस्त करा. पण पॉलिश कागद हाती घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ घटकाभर बसा, आणि तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा कशाचा आहे, ते विचारून घ्या.