टाचणी

जिनिव्हा हे स्वित्झर्लंड देशातले शहर. तिथल्या क्लापारेद नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली एक हकिकत छापली.

त्यांच्याकडे एक आजारी बाई होती. वय ४७. जुनी शिकलेली गणिते तिला येत. पण नवे काही ध्यानात राहत नसे. रोजची नर्सबाईही तिला नवखी वाटे.

एकदा डॉक्टरांनी बोटांत टाचणी लपवली आणि तिचा हात हातात घेतला. टाचणी टोचली. (आजारी माणसाला असे टोचणे काही बरे नव्हे!) थोड्याच वेळात बाई ते विसरली.

पुढे डॉक्टरांनी पुन्हा हात पुढे केला. बाईने आपला हात झटकन मागे घेतला! का, ते तिला सांगता येईना. फार विचारल्यावर म्हणाली, हातात कधी कधी टाचणी दडवलेली असते. पण आपल्याला टोचली होती, हे काही तिला आठवेना.

मग हात कुणी मागे ओढला? तिच्याच मनाने. झालेली गोष्ट सांगता येणे, हे मेंदूच्या एका भागाचे काम. भीती धरणे, हे दुसऱ्या भागाचे. पहिला भाग बिघडला, तरी दुसरा चालू राहू शकतो.

घरातले म्हातारे माणूस सारे विसरते, म्हणून कुणी त्याच्यावर ओरडतो. ते ओरडणे म्हातारा विसरेलही. पण त्या माणसाची धास्ती त्याच्या मनात राहू शकते.