भरतीची वेळ

बारामती आणि इंदापूर हे तालुके समुद्रापासून लांब. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नीरेचा कालवा, कऱ्हा नदी आणि उजनी धरणाचा फुगवटा. उजनीचे पाणी मोठे खरे. वारा सुटला की त्यावर लाटाही उठतात. पण तो समुद्र नव्हे. उजनी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. समुद्र दिवस-रात्रीत दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. चढतो ती भरती. उतरतो ती ओहोटी. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने समुद्रावर जाऊन नुसती गंमत करणे धोक्याचे आहे.

आम्ही शाळेतले सोबती एकदा दिवाळीच्या सुटीत अलिबागला गेलो. गुरुजी होते, बाई होत्या, शिपाईमामा होते आणि मुलांची खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या.

निघण्याआधी वर्गणीचा प्रश्न आला. एस.टी.ची गाडी करारावर घ्यायची, तिचे भाडे मोठे. कोणी म्हणाले, माणशी सारखी वर्गणी घ्या. ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण गुरुजींचा पगार किती आणि मावशींचे मानधन किती! सारखी वर्गणी म्हणजे मावशींनी घरी राहावे, असेच झाले. दुसरे कोणी म्हणाले, मावशींकडून काही घेऊच नका. त्यावर मावशी म्हणाल्या, "फुकट यायचं असंल तर मी येत न्हाई." सगळे गप्प झाले. शेवटी ठरले, प्रत्येकाने आपापल्या दोन दिवसांची कमाई द्यायची. ज्याला जास्त त्याची जास्त, ज्याला कमी त्याची कमी. पण दिवस सगळ्यांचे दोनच. एकदोघांनी जरा कुरकुर केली, ती गाडी सुटेपर्यंत टिकली. खर्चाची वही मामांकडे दिली. मामांचे अक्षर आमच्यापैकी पुष्कळांपेक्षा चांगले आहे.

बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. पुढे लोणावळा लागते. मग बोरघाट उतरला की खोपोली. घाट उतरताना हवा बदलते. अंगाला घाम येऊ लागतो आणि शेतात ज्वारी दिसेनाशी होते, भात दिसतो. पुढे पेण. गणपतीच्या मूर्ती बनवणारे हे गाव. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. पेणपुढे वडखळ आणि मग अलिबाग. अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. जिल्ह्याचे नाव पूर्वी कुलाबा होते. १९८१ पासून ते रायगड झाले.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा गाडीत कोणी बोलेना. मग एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, ह्याला पलीकडचा काठच नाही." काठ आहे, पण फार लांब. तिकडे अरबस्तान आणि आफ्रिका.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात एक किल्ला आहे. त्याचे नाव कुलाबा. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचे काम सुरू केले. त्याच वर्षी महाराज गेले. पुढे संभाजी महाराजांच्या काळात काम पुरे झाले. नंतर कान्होजी आंग्रे यांनी या किल्ल्यातून आरमार चालवले. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून १७२१ साली कुलाब्यावर चाल केली, पण किल्ला त्यांना घेता आला नाही. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे.

या किल्ल्याची गंमत अशी की भरतीला तो बेट असतो. ओहोटीला मात्र पाणी मागे सरते, वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणूस पायी किल्ल्यात जातो. म्हणजे वाट एकच. कधी ती असते, कधी नसते. मग ती कधी असते हे कसे ओळखावे?

आम्ही किनाऱ्यावर एका कोळीबाबांना विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, तिथी कुठली ते बघा आणि तिची पाऊणपट करा." आम्हाला मोठा आनंद झाला. आमच्या लहानपणी पाऊणकी पाठ करावी लागे. चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा. त्या दिवशी कार्तिक शुद्ध चतुर्थी होती. चारची पाऊणपट तीन. म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ सुमारे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीन. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते. म्हणजे सकाळी नऊला. अष्टमीला हिशेब करा: आठ पाऊणे सहा. भरती सहाला, ओहोटी बाराला. तिथी एकाने पुढे गेली की भरती सुमारे पाऊण तास उशिरा येते. शुद्ध पक्षाला आणि वद्य पक्षाला हिशेब एकच.

हे असे का होते? समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्र ओढतो. सूर्यही ओढतो, पण कमी. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज उशिरा येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र होते. त्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरतेही. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी-उभी होते. मग भरती लहान येते. तिला भांगाची भरती म्हणतात. उधाणाच्या वेळी या किनाऱ्यावर पाण्याच्या उंचीत बारा-तेरा फुटांचा फरक पडतो. घराच्या छपराएवढा!

तिथीचा हिशेब अंदाजाचा आहे. जागेप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो. म्हणून हिशेब करावाच, पण तिथल्या माणसालाही विचारावे. कोळीबाबांनी आम्हाला सांगितले, "नवाच्या आत जा, पण अकरा वाजायच्या आत वाळू गाठा."

किल्ल्यात गणपतीचे देऊळ आहे. तळे आहे. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे पाणी पाहून आमच्या दुष्काळी डोळ्यांना नवल वाटले. तटाचे मोठमोठे दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. चुन्याने सांधलेली भिंत सारा मार अंगावर घेते. त्या काळच्या गवंड्यांना पाण्याचा स्वभाव चांगला कळत होता.

साडेदहाला आम्ही सर्वांना बोलावले. दोन तरुण गुरुजी तटावरून हलेनात. ते म्हणाले, "वाट तर कोरडी दिसतीय की." वाट कोरडी होती हे खरे. पण भरती समोरूनच येते असे नाही. सखल भागातून पाणी आधी बाजूंनी शिरते आणि मग वाट मध्येच तुटते. मामा त्यांना म्हणाले, "सर, चला. वहीत माणसं मांडून आणल्यात, तेवढीच परत न्यायची." ते उठले. आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा एका खोलगट जागी पाणी पायाच्या घोट्याला लागले. पाऊण तासाने तिथून घोडागाडीच्या चाकाची पुठ्ठी बुडू लागली.

दुपारी त्या दोघांपैकी एक पोहायला निघाले. ते कालव्याच्या काठचे. विहिरीत उंचावरून उडी घेणारे. पण विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. कालव्याचे पाणी एका दिशेला जाते. समुद्राचे तसे नाही. लाटांनी काठावर आणलेले पाणी परत जावे लागते. ते कधी कधी एका जागी गोळा होते आणि ओढ्यासारखे जोराने आत जाते. तिथे लाटा फुटत नाहीत. म्हणून ती जागा शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलेला माणूस घाबरून सरळ काठाकडे हात मारतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी ओढीशी झगडू नये. पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि काठाला समांतर, बाजूला सरकावे. ओढ अरुंद असते. तिच्या बाहेर आले की काठाकडे येता येते.

याच जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेली १४ मुले-मुली बुडून मेली. सगळी कॉलेजात शिकणारी होती.

किनाऱ्यावर एक पाटी होती. मावशी संध्याकाळच्या वर्गात वाचायला शिकल्या आहेत. त्यांनी पाटीपुढे उभे राहून एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचले, "खोल पाण्यात जाऊ नये." मग त्या पोहायला निघालेल्या गुरुजींना म्हणाल्या, "सर, मला वाचाया आलं. तुमाला आलं का?" गुरुजी हसले आणि गुडघाभर पाण्यातून माघारी आले.

मावशींनी सासूसाठी बाटलीभर समुद्राचे पाणी घेतले होते. म्हातारीने चव घेतली आणि थुंकून टाकले. उरलेले पाणी मावशींनी कढईत आटवले. तळाशी पांढरे मीठ राहिले. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम. पाणी वाफ होऊन जाते, क्षार जात नाही. खाडीकाठच्या मिठागरांत हेच काम ऊन करते. आणि नीरा कालव्याच्या काठी उसाला फार पाणी देऊन ज्या जमिनी पांढऱ्या पडल्या, तिथेही हेच झाले आहे. जमिनीतले पाणी वर येते, उन्हाने उडून जाते आणि क्षार वर राहतो. कढई पाहायला आलेल्या एका शेतकऱ्याने हे ऐकले. तो बराच वेळ कढईच्या तळाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "गुरुजी, रानात चर खणला तर हे धुऊन जाईल का?" चर खोल हवा, आणि त्याला पुढे ओढ्यापर्यंत वाट हवी, असे आम्ही त्याला सांगितले.